बारा चिंचोक्यांचं पातं

दिवाळी अंकाचे संपादक दोनदा घरी येऊन गेले. दुसऱ्यांदा पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "आजी, तुमच्या काळच्या जंगलाबद्दल लिहा. पाखरं, मोहाची फुलं, तो वास." मी म्हटलं, मोहाच्या वासानं माझं डोकं दुखतं. तीरांबद्दल लिहायचं असेल तर लिहीन. त्यांचा चेहरा जरा पडला, पण पेढे देऊन झाले होते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. किनवटला आत्याकडं राहून शिकले, त्यातली दोन वर्षं उर्दूत गेली. शुद्धलेखन नातीनं तपासलं आहे. बाकी काही बदलायचं नाही असं तिला बजावलं आहे.

हीच नात मागच्या वर्षी मला इथं नांदेडात एका प्रदर्शनाला घेऊन गेली. काचेच्या पेटीत एक तीर ठेवला होता. पिसं उलटी लावलेली. टोकाकडं निमुळती व्हायला हवीत ती शेपटीकडं निमुळती केलेली. असा तीर सोडला तर दहा पावलांवर कोलांटी खाईल. मी बोट दाखवायला पुढं झाले तर तिथला पोरगा म्हणाला, "आजी, हात लावू नका."

हे मला नवीन नव्हतं. तीरांच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळा मी हेच ऐकलेलं आहे.

आमचं गाव किनवटच्या पलीकडं, जंगलात. तीसेक घरं. राज्य निजामाचं, झाडं जंगल खात्याची, आणि रानडुकरं मात्र आमच्या वाट्याची. बंदुका अंमलदारांकडं असायच्या. आमच्याकडं वेळूचे कामठे. कामठा म्हणजे धनुष्य. तो कोणालाही करता येतो. वेळू चांगला मिळाला आणि हात बरा असला की झालं. तीर तसा नाही. गावात तीर करणारं घर एकच, ते आमचं. आसपासच्या आठ-दहा गावांतून माणसं बाकडं यायची. बा म्हणजे माझे वडील.

ज्यांनी कधी तीर सोडला नाही त्यांना वाटतं की तो सरळ जातो. तो सुटताना सापासारखा वाकतो. दोरी मागून ढकलते, पुढं कामठ्याचं लाकूड आडवं येतं, त्याला वळसा घालून तीर बाहेर पडतो आणि मग सरळ होतो. किती वाकायचं ते काडीवर अवलंबून. काडी ताठ असली तर पुरेशी वाकत नाही आणि तीर डावीकडं जातो. नरम असली तर जास्त वाकते, आणि तीर शेपटी हलवत उजवीकडं जातो. उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याचं हे सांगते आहे. कडक कामठ्याला ताठ काडी, हलक्याला नरम. म्हणून बा आलेल्या माणसाला पहिल्यांदा विचारायचा, "कामठा कुठंय?" कामठा बरोबर आणला नसेल तर परत पाठवायचा.

काडी मानवेलीची, म्हणजे भरीव बांबूची. थंडीत, रस उतरल्यावर कापायची. करंगळीएवढी जाड, पेरं जवळ जवळ असलेली. चार महिने चुलीवरच्या माळ्यावर धूर खाऊ द्यायचा. मग निखाऱ्यावर शेकायची, टोळीचं तेल चोळायचं आणि वाक असेल तिथं गुडघ्याखाली दाबून सरळ करायची. टोळी म्हणजे मोहाचं बी. इतकं केल्यावर अर्ध्या काड्या चुलीतच जातात. उरलेल्या दोन खुंट्यांवर आडव्या ठेवायच्या आणि मधोमध शेरभराचा दगड टांगायचा. बोटभर वाकली ती माझ्या भावाच्या कामठ्याची. त्याहून कमी वाकली तर खरवडून बारीक करता येते. जास्त वाकली तर एकच उपाय, मागून कापून आखूड करायची. आखूड काडी ताठ होते. पिसं घारीची किंवा गिधाडाची, एका तीराला सगळी एकाच बाजूच्या पंखाची. डाव्या-उजव्याची मिसळ केली की पिसं आपसात भांडतात.

आता वजनाचं. पुढं जितकं जड पातं, तितकी काडी जास्त वाकते. म्हणजे तीच काडी जड पात्यानं नरम होते. पातं म्हणजे लोखंडी टोक. आमच्याकडची पाती लोहार बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या धावेतून, म्हणजे लोखंडी पट्टीतून, करायचा. एका पात्याचं वजन बारा चिंचोके. हा आकडा वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. माझं आयुष्य त्यावरून गेलं आहे.

गावची रीत अशी होती की कामठ्याला बाईनं शिवायचं नाही. काडीला शिवलं तर चालायचं, कारण पातं बसेपर्यंत ती नुसती काडी. धूर देणं, तेल चोळणं, खरवडणं ही सगळी हात काळे करणारी कामं बाया करायच्या. पातं बांधलं की तिचा तीर झाला, मग हात मागं घ्यायचा. आणि पारधीच्या आधी शेंदूर लावून पूजा केली की सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. पूजलेला तीर कडब्यावर मारून बघायचा नाही, कापायचा नाही, त्याचं पहिलं रक्त रानातलं. ही रीत कोणी घातली मला माहीत नाही. ज्यानं घातली त्याला काड्या खरवडाव्या लागत नसणार.

माझं लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा पटकीनं गेला. मी परत आले तेव्हा बाचे हात थरथरायला लागले होते. तो चिलीम दोन्ही हातांनी धरायचा, माणसं आली की हात मांडीखाली घालून बसायचा. काडी सरळ करताना ती त्याच्या हातात नाचायची. हे घरातल्या तिघांनाच माहीत होतं: बाला, माझ्या थोरल्या भावाला आणि मला. भावाला मी दादा म्हणते. गावातला सगळ्यात चांगला तीरंदाज तोच.

बानं एके दिवशी काड्यांची मोळी माझ्यापुढं टाकली. म्हणाला, "तूच कर. कोणापाशी बोलू नको."

"आन् मारून कोण बघंल?"

"दादा मारंल. तू फकस्त बघ."

पातं लावलं की मला शिवता येत नव्हतं, आणि पात्याच्या वजनाशिवाय काडी खरं सांगत नाही. मग मी वारुळाची माती आणि लाख मिसळून गोळे केले, प्रत्येक बारा चिंचोक्यांचा. काडीच्या टोकाला गोळा दाबायचा. घरामागं खळ्यावर कडब्याची पेंढी लावायची. दादा वीस पावलांवरून मारायचा, मी पेंढीजवळ उभी राहून बघायची. उजवीकडं गेली, अर्धं बोट काप. डावीकडं गेली, मधोमध खरवड. गोळा असेपर्यंत ती काडीच. रीत मोडली असं कोणी म्हणू शकत नव्हतं. पुढं पुढं दगड टांगायची गरज राहिली नाही. काडी अंगठ्यावर दाबली की मला कळायचं.

दोन वर्षांत बाचं नाव वाढलं. माणसं म्हणायची, म्हातारपणी हात बसलाय बघा. बा मान हलवायचा. मला वाईट वाटत नव्हतं असं लिहिणार नाही. वाटायचं. भाकरीला मात्र कधी कमी पडलं नाही, तेवढ्यावर मी गप्प होते.

गिऱ्हाईकांमधली दोन माणसं लक्षात आहेत. एकदा कोणी मोठे अंमलदार शिकारीला येऊन तंबू ठोकून राहिले. त्यांचा नाकेदार आला आणि म्हणाला, साहेबांना बारा तीर पाहिजेत, लांब, शेपटीला मोराचे डोळे असलेले. बा म्हणाला, "हुजूर, डोळ्याच्या पिसाला दम नसतो. आन् कामठा कसा हाय त्यांचा?" नाकेदार म्हणाला, तुला हुकूम झालाय, चौकशा करायचा नाही. मी करून दिले. साहेबांनी पाहुण्यांसमोर पहिलाच तीर सोडला तो ज्या झाडावर नेम धरला होता त्याच्या उलट दिशेनं जाऊन खानसाम्याच्या तंबूत घुसला. दुसऱ्या दिवशी नाकेदारानं गावातले चार कामठे जप्त केले आणि आमच्या देखत मोडले. तीर वाईट होते म्हणून नाही, पाहुणे हसले म्हणून.

दुसरा डोंगरावरचा, कोलाम जमातीचा एक म्हातारा. नेहमी कामठा घेऊन यायचा. मी केलेल्या काड्या ओठाला लावून गुळगुळीतपणा बघायचा. एकदा बाशी बोलता बोलता तो चुलीकडं आला आणि माझ्या उजव्या हाताकडं बघत राहिला. अंगठ्याच्या बाजूला घट्टा पडला होता. काडी दाबून दाबून पडतो तो घट्टा. हळूच म्हणाला, "हे काम तुझं हाय."

मी म्हटलं, "बाचं हाय."

"हाव," तो म्हणाला. "बाचंच." आणि हसला. त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

त्या वर्षी ज्वारी हुरड्यावर आली आणि एक एकटा डुक्कर शेतात यायला लागला. कळपातून बाहेर पडलेला म्हातारा नर. बोटाएवढे सुळे, खांद्यावर चिखल आणि राळ वाळून ढाल झालेली. त्यानं एका बाईची पोटरी फाडली. गावानं पारध ठरवली. सगळ्यांत पुढं दादा उभा राहणार होता.

मी सहा काड्या केल्या. बारा चिंचोक्यांचे गोळे लावून दादानं मारल्या. सहाच्या सहा माझ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. दादासुद्धा म्हणाला, "आता डुकरानंच समोर यायला पाहिजे." पारधीच्या आदल्या दिवशी सकाळी गोळे काढून काड्या बापुढं ठेवल्या आणि सरपणाला गेले.

दुपारी परत आले तर पाती बांधून झाली होती. लोहार आला होता. त्यानंच बाला मदत करून पाती जनावराच्या शिरेनं आणि लाखेनं पक्की केली होती. शेंदूर लागला होता, सहाही तीर देवाच्या कोनाड्याखाली ओळीनं ठेवले होते. मी लांबूनच बघितलं. पाती रुंद होती. चमकत होती.

लोहारानं सात आणली होती. सातवं चुलीपाशी पडलं होतं, न बांधलेलं. मी ते उचललं आणि माझा हात खाली गेला.

मी एक काटकी दोरीनं मधोमध बांधून टांगली. एका टोकाला पातं, दुसऱ्या टोकाला फडक्यात चिंचोके. बारा घातले, पातं खालीच. चौदा, खालीच. सोळाला काटकी आडवी झाली.

तेवढ्यात उरलेलं पातं न्यायला लोहार परत आला. माझ्या हातात बघून म्हणाला, "ए बाय, काय करून राहिली? ठेव ते खाली."

"जड हाय हे," मी म्हटलं. "कशाचं केलं?"

"रेल्वेच्या कामावरचं लोखंड हाय. गाडीच्या धावंचं न्हाई. डुक्कर काय, दगडात घुसंल." त्यानं पातं माझ्या हातातून घेतलं, धोतराला पुसलं आणि गेला.

बा ओट्यावर बसला होता, हात मांडीखाली. मी म्हटलं, "बा, पाती सोळा चिंचोक्यांची हायती. काड्या नरम पडतील. तीर उजवीकडं जातील, आन् वळवळत जातील, घुसायचे न्हाईत."

"पूजा झाली बाय आता."

"मागून तीन बोटं कापायची, नवी खाच पाडायची. पिसं चार बोटं पुढं हायती, त्यांना धक्का लागत न्हाई. दादा कापंल, मी लांबून सांगते."

"पूजलेला तीर कापू? आन् पंचांनी इचारलं तर काय सांगू, कोणी सांगितलं म्हून?"

"तुम्हालाच कळलं म्हून सांगा."

बानं माझ्याकडं बघितलं नाही. "सकाळी मीच त्यांना म्हणलोय, यंदाच्या काड्या आजपातूर केल्या न्हाईत अशा झाल्यात."

मग दादा आला. त्याला सगळं परत सांगितलं. तो माणसांबरोबर आला होता, ती अंगणात थांबली होती, म्हणून तो हळू बोलत होता. "पाती बघितली का तू? असलं पोलाद आपण कधी बघितलंय का?"

"पोलाद चांगलं हाय. काडी त्याची न्हाई."

"बरं, मी जरा डावीकडं धरीन. झालं?"

"डावीकडं धरल्यानं लागंल. घुसंल कसं? वळवळत गेलेला तीर घुसत न्हाई, दादा."

अंगणातून कोणीतरी हाक मारली. दादा मोठ्यानं म्हणाला, "अगं, तू काड्या धुरवणारी, तुला तीराचं काय कळतंय!" बाहेर माणसं हसली. तोही हसला आणि बाहेर गेला. कोणी कुठं उभं राहायचं ते ठरवायला सगळे मारुतीच्या पाराकडं गेले. बालाही नेलं.

घरात मी एकटी. चुलीवर आंबिल होती. कोनाड्याखाली सहा तीर, आणि माझा चाकू कमरेला. तीन बोटं कापायला, खाच पाडायला आणि कानस फिरवायला मला एका तीराला एक आंबिल ढवळून होईल इतकाच वेळ लागला असता. मागची टोकं कोणी बघतही नाही. दोरीला लावेपर्यंत दादालाही कळलं नसतं. मी चाकू काढला. उकिडवी बसले. पहिल्या तीराच्या खाचेपासून तीन बोटं हवेतच मोजली. बोटं लावली नाहीत.

आंबिल उतू गेली तेव्हा उठले आणि चाकू परत खोचला.

भीती वाटली का, रीत आड आली का, की दादा सगळ्यांसमोर हसला म्हणून मनात म्हटलं, जाऊ दे, कळू दे एकदा? मला विचाराल तर तिन्ही. तिसरं जरा जास्त.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाला बाजेवर घालून आणलं. झालं ते चौघांनी चार तऱ्हेनं सांगितलं, पण एक गोष्ट चौघांनी सारखी सांगितली. डुक्कर पंधरा पावलांवर आला, दादानं तीर सोडला, तो मासळीसारखा शेपूट हलवत गेला, खांद्यावर तिरपा आदळला आणि खाली पडला. दुसरा लावेपर्यंत डुक्कर अंगावर आला. सुळा गुडघ्याच्या वर घुसला आणि खाली फाडत गेला. दादा दोन महिने बाजेवर होता. जगला. गुडघा मात्र नंतर कधी वाकला नाही. बसायचं म्हटलं तर एक पाय पुढं पसरूनच.

चौथ्या दिवशी पंच आमच्याच अंगणात बसले. पाती चांगली होती, तीरंदाज चांगला होता, तर तीर का फिरला? लोहारच आधी बोलला. म्हणाला, "मी डोळ्यांनी बघितलं. हिच्या हातात पातं होतं."

"ते सातवं होतं," मी म्हटलं. "बांधलेलंच नव्हतं."

"एकाला लावला म्हंजे सहांना लावला नसंल कशावरून? त्यात रंडकी बाई."

मी सोळा चिंचोक्यांचं सांगितलं. काटकी आणून दाखवते म्हटलं. मातीचा जड गोळा करून काडीला लावा आणि कोणीही मारून बघा, उजवीकडं गेली नाही तर माझं तोंड काळं करा असंही म्हटलं. एक पंच म्हणाला, "चिंचोके मोजायचे ते खेळात. हा खेळ न्हाई." सगळे हसले.

मग त्यांनी बाला विचारलं, "हिनं तीरांना हात लावला का? तुमी घरचे, तुमाला म्हाईत."

बानं एवढंच सांगायचं होतं की काड्या हिनंच केल्या, दोन वर्षं हीच करते, हिला वजन कळतं. किंवा निदान नाही म्हणायचं होतं. बा मांडीखाली हात घालून बसला होता. त्यानं खाली बघितलं आणि खालीच बघत राहिला.

पंच ओट्यावरच्या बाजेकडं वळले. दादा छताकडं बघत होता. मला अजून वाटत होतं की हा बोलेल. पारधीच्या आदल्या दिवशी मी काय सांगितलं ते बा सोडला तर एकट्या यानंच कानानं ऐकलं होतं. तो म्हणाला, "लावला असंल. ती कायम तिथंच असते."

तेवढंच बोलला. तेवढं पुरलं.

घर गोमूत्र शिंपडून शुद्ध केलं आणि मला त्या घरात राहायला मनाई झाली. आत्या येऊन मला किनवटला घेऊन गेली. पहिल्या रात्री तिनं विचारलं, "खरं सांग, लावला होतास का हात?" मी म्हटलं, लावला असता तर दादा चालत आला असता. तिला ते कळलं नाही. ती म्हणाली, "म्हंजे लावला न्हाईस ना? मग बरं हाय."

त्या पावसाळ्यानंतर कोलाम म्हातारा मला शोधत किनवटच्या बाजारात आला. पाठीला कामठा, बगलेत काड्या. म्हणाला, तुझ्या बाच्या नावावर आता कोणी कायबी देऊन राहिलंय, सगळे तीर पळसाच्या पानासारखे उडतात, माझ्या चार काड्या बघून दे. मी म्हटलं, मी हे काम करत नाही. त्यानं पुढं केलेल्या काड्या मागं घेतल्या. मग म्हणाला, "त्यांनी तुला घरातून काढलं. हात न्हाई तोडले. ते तूच तोडून राहिली." काड्या बगलेत घालून गेला. मला वाटलं, पुढच्या बाजाराला येईल तेव्हा करून देईन. तो परत आला नाही.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला. मी नांदेडला येऊन जिनिंगमध्ये सरकी वेचायला लागले, तिथंच पाट लावला, मुलं झाली. बा गेला तेव्हा कळवलं, पण दहाव्यानंतर. गावात तीर करणारं कोणी राहिलं नाही. कामठे भिंतीवर लटकले, मग सरपणात गेले.

दादा मात्र यायचा. दर दिवाळीत मुदखेडला गाडी बदलून, तो न वाकणारा पाय ओढत. ओवाळून घ्यायचा, लुगडं द्यायचा, पाय पसरून बसायचा, चहा बशीत ओतून प्यायचा. पिकाचं बोलायचा, पोरांचं बोलायचा. चाळीसेक वर्षांत त्या गोष्टीचा एक शब्द त्यानं काढला नाही. मीही काढला नाही. तो काढेल म्हणून वाट बघत राहिले आणि ओवाळत राहिले.

तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. दिवस झाल्यावर भाचा आला. पिशवीतून कातड्याचा भाता काढून म्हणाला, "आत्या, बाबांनी सांगितलं होतं, हे तुलाच द्यायचं. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही म्हणाले."

भात्यात पाच तीर होते. सहावा रानात राहिला होता. तीच रुंद पाती, शेंदूर वाळून काळा पडलेला. मी पहिल्यांदा त्यांना हात लावला. जमिनीवर ओळीनं मांडले, पाती एका रेषेत. तीन सारखे होते. दोन आखूड होते.

मी बोटं लावून मोजली. तीन बोटं. मागून कापलेले, नवी खाच पाडलेली. पात्याच्या बांधणीत कडब्याची वाळकी कुसं अडकली होती, म्हणजे पेंढीवर मारूनही बघितले होते. आणि कापलेलं टोक बाकीच्या काडीइतकंच धुरानं काळं झालं होतं. ते काल-परवा कापलेलं नव्हतं. ज्या वर्षी तो बाजेवरून उठला असेल, त्याच वर्षी कधीतरी, घरामागं, कोणी बघत नसताना.

एक तीर मी अंगठ्यावर दाबला. घट्टा कधीच गेला, पण अंगठ्याला आठवत होतं. बरोबर होता. वीस पावलांवरून सरळ गेला असणार.

भाच्यानं विचारलं, "काय बघतेस, आत्या?"

मी म्हटलं, "खाच." खाच ओबडधोबड होती, धारेवर कुसळं तशीच. कानस फिरवलेली नव्हती. ते काम त्याला कधीच जमलं नाही, ते मी करायचे.